विज्ञान नेमकं कुणाचं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

विज्ञानाबद्दल लिहायला-बोलायला लागल्यापासून काही प्रश्न फिरून फिरून माझ्याकडे येतात, कधी उत्सुकतेने, कधी रागाने, कधी खरंच काळजीने. दरवेळी अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदाच सगळं एका जागी लिहून ठेवतेय. काही उत्तरं बरीच लांबलीयेत कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे. क्रमाने वाचायची गरज नाही, हवा तो प्रश्न वाचा.

विज्ञान एकीकडे, समाज एकीकडे. शोध लागले की आपण ते वापरायचे, एवढाच संबंध ना?

नाही, आणि हा गैरसमज मला सगळ्यात आधी काढायचाय. कुठल्या आजारावर संशोधन होणार, पैसा कोण देणार, औषध आधी कुणावर तपासणार, धोका कुणी पत्करायचा, हे सगळं समाजातच ठरतं, फक्त बऱ्याचदा आपल्या नकळत ठरतं. आणि कित्येकदा तर शोधच मुळी लोकांशिवाय पुरा होत नाही.

१८५४ चं लंडन घ्या. ऑगस्टच्या शेवटी सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली आणि थोड्याच दिवसांत ६०० च्या वर माणसं गेली. तेव्हा बहुतेक डॉक्टरांचं म्हणणं असं की रोग घाणेरड्या हवेतून पसरतो. जॉन स्नो या डॉक्टरला मात्र संशय पाण्याचा. मृत्यू कुठे कुठे झाले ते त्याने शोधून काढलं तर बहुतेक सगळे ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाभोवती, आणि ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढला गेला. इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. मला पुढची जास्त जवळची वाटते. त्या वस्तीतला एक तरुण पाद्री होता, हेन्री व्हाइटहेड, त्याला स्नोचं म्हणणं अजिबात पटलं नव्हतं, ते चुकीचं ठरवायचं म्हणून तो स्वतः घरोघरी फिरला. वस्ती त्याच्या पायाखालची, लोक त्याच्याशी मोकळं बोलायचे, कोण कुठलं पाणी प्यायलं, कोण वाचलं, कोण घर सोडून गेलं हे सगळं त्याला कळत गेलं आणि जसजसं कळत गेलं तसतसं त्याचं स्वतःचंच मत फिरलं. शेवटी नोंदी चाळताना त्याला पंपासमोरच्या ४० नंबरच्या घरातलं एक तान्हं बाळ सापडलं, साथ भडकायच्या आधीच आजारी पडलेलं. त्याचे लंगोट धुतलेलं पाणी आई घराखालच्या मैल्याच्या खड्ड्यात ओतायची. खणून बघितलं तर खड्ड्याच्या विटा निखळलेल्या, आणि पंपाची विहीर तिथून जेमतेम तीन फुटांवर.

स्नो एकटा असता तर हे बाळ त्याला सापडलं असतं का, मला शंका आहे. त्यासाठी दारात उभं राहून ज्याच्याशी लोक रडतील असा माणूस लागला.

पण सामान्य माणसाला विज्ञानातलं काय कळतं? त्याने तज्ज्ञांचं ऐकावं, बस.

हे वाक्य ऐकलं की मला इंग्लंडमधल्या कम्ब्रियाच्या मेंढपाळांची आठवण होते. २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलची दुर्घटना झाली, किरणोत्सारी ढग युरोपभर पसरले आणि मेच्या सुरुवातीला कम्ब्रियाच्या डोंगरांवर जोरदार पाऊस पडला. पावसासोबत सीझियम हे किरणोत्सारी द्रव्य खाली आलं, गवतात गेलं, गवतातून मेंढ्यांत. जूनमध्ये मेंढ्या विकायला बंदी आली आणि शास्त्रज्ञांनी सांगितलं की तीन आठवडे थांबा, सगळं धुऊन जाईल.

ते धुऊन गेलं नाही. हिशोब मांडला होता चिकणमातीच्या जमिनीवरून, चिकणमाती सीझियमला धरून ठेवते आणि ते मुळांपर्यंत पोचत नाही. डोंगरावरची जमीन मात्र आम्लधर्मी, पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची. तिथे सीझियम गवतात जातं, मेंढीच्या पोटातून परत जमिनीत येतं, पुन्हा गवतात, असं चक्र चालूच राहतं. शेवटच्या काही शेतांवरची बंदी उठायला २०१२ उजाडलं. तीन आठवडे म्हणता म्हणता २६ वर्षं!

या काळात मेंढपाळांना मिळालेले सल्ले वाचून खरंच वाईट वाटतं. मेंढ्या खाली दरीत चारा म्हणे, पण दरीत तेवढं गवतच नसतं, ते हिवाळ्यासाठी राखायचं असतं. बाहेरून पेंढा आणून घाला म्हणे, त्या डोंगरी मेंढ्या पेंढ्याला तोंडसुद्धा लावत नाहीत. जमिनीवर बेंटोनाइट नावाची चिकणमाती टाकून सीझियम कमी होतं का हे तपासायला मेंढ्या कुंपणात कोंडून प्रयोग सुरू केला, मेंढपाळ म्हणाले मोकळ्या फिरणाऱ्या मेंढ्या कोंडल्या की खंगतात, तुमचे आकडे चुकतील, कुणी ऐकलं नाही आणि काही दिवसांनी तो प्रयोग गुपचूप गुंडाळला गेला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. त्या शास्त्रज्ञांना सीझियमचं ज्ञान होतं, त्यात शंका नाही, पण त्या डोंगराचं आणि त्या जनावरांचं ज्ञान ज्यांच्याकडे होतं त्यांना कुणी विचारलंच नाही. ब्रायन विन या समाजशास्त्रज्ञाने या मेंढपाळांशी बोलून हे सगळं नोंदवून ठेवलं म्हणून आज आपल्याला माहीत तरी आहे.

आणखी एक छोटं उदाहरण. १८४० च्या दशकात व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते, एक डॉक्टरांचा, एक सुइणींचा. डॉक्टरांच्या विभागात बाळंतरोगाने कितीतरी जास्त बायका मरायच्या आणि हे गरीब बायकांना आधीच ठाऊक होतं, त्या रडून विनवायच्या की आम्हाला तिकडे नको, काहींना तर रस्त्यात बाळंत झालेलं परवडायचं. इग्नाझ झेमेलवाइसने १८४७ मध्ये शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने खाली आले. कारण बायकांना माहीत नव्हतं, ते शोधायला विज्ञानच लागलं. पण काहीतरी भयंकर चुकतंय हे त्या कधीपासून सांगत होत्या.

म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे, तज्ज्ञांचं ऐका, जरूर ऐका, पण ज्याच्यावर परिणाम होणार आहे त्याचं ऐकल्याशिवाय तज्ज्ञाचं ज्ञानही अर्धंच राहतं.

शास्त्रज्ञ आज एक बोलतात, उद्या दुसरं. विश्वास कसा ठेवायचा?

नवीन पुरावा आला की मत बदलणं ही विज्ञानाची ताकद आहे, हे मला मनापासून वाटतं. पोटातल्या अल्सरचं घ्या. कित्येक वर्षं डॉक्टर सांगायचे टेन्शन घेऊ नका, तिखट खाऊ नका, ॲसिड वाढतं. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन म्हणाले की बहुतेक अल्सरच्या मागे एक जिवाणू आहे, लोकांनी मनावर घेतलं नाही, मग १९८४ मध्ये मार्शल स्वतः त्या जिवाणूंचं पाणी प्यायला आणि त्याच्या जठराला सूज आली. पुढे पुरावे जमत गेले, उपचार बदलले, आता अँटिबायोटिकच्या कोर्सने बरं होतं आणि त्या दोघांना २००५ चं नोबेल मिळालं. मत बदललं नसतं तर माणसं अजून नुसतंच पथ्य पाळत बसली असती.

फक्त एक गोष्ट आहे, सगळंच सारखं बदलत नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, जंतूंमुळे रोग होतात, या गोष्टी पक्क्या झाल्यात. ज्या विषयावर अभ्यास नुकताच सुरू झालाय तिथे रोज नवीन काहीतरी येणारच. बातम्या देताना हा फरक कुणी सांगत नाही, आणि मग सगळंच डळमळीत वाटायला लागतं.

संशोधनाचा पेपर छापून आला म्हणजे खरं मानायचं का?

एका पेपरवर नाही. पेपर छापण्याआधी त्याच विषयातली दोन-तीन माणसं वाचून शंका काढतात, ही चाळणी चांगली आहे पण त्यातून खडे निसटतात. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले गेले, तर साधारण ३६ टक्क्यांतच ठळक निकाल पुन्हा मिळाला. हे कुणी बाहेरच्याने उघड केलं नाही, त्याच क्षेत्रातल्या लोकांनी स्वतः तपासून जाहीर केलं, आणि मला याचा फार आदर वाटतो.

आणि १९९८ चा तो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला पेपर, अँड्र्यू वेकफील्डचा, फक्त १२ मुलांवरचा, ज्यावरून गोवराच्या एकत्रित लशीने ऑटिझम होतो अशी भीती जगभर पसरली. पुढे लाखो मुलांचा डेटा तपासला, संबंध सापडला नाही, पेपरमध्ये गंभीर गडबडी निघाल्या, २०१० मध्ये तो मागे घेतला आणि वेकफील्डचं डॉक्टरकीचं लायसन्स गेलं. पण मधल्या १२ वर्षांत जी भीती पसरली ती काही मागे घेता आली नाही.

लशीला घाबरणारे लोक अडाणीच असतात ना?

कृपया असं म्हणू नका. अली माओ मालिन हे नाव लक्षात ठेवा. देवीचा नैसर्गिकरीत्या झालेला जगातला शेवटचा रुग्ण, सोमालिया, ऑक्टोबर १९७७. हा माणूस चक्क हॉस्पिटलमध्ये स्वयंपाकी होता, आजूबाजूला सगळे लस घेत होते, त्याने टाळली, कारण टोचलेलं दुखेल असं वाटलं. बस, एवढंच कारण. तो बरा झाला, ८ मे १९८० ला देवीचा रोग संपल्याचं जाहीर झालं, आणि हाच मालिन पुढे पोलिओच्या मोहिमेत गावोगाव फिरून लोकांना स्वतःची गोष्ट सांगायचा की मी घाबरलो, तुम्ही घाबरू नका. शंभर पोस्टरांपेक्षा अशा माणसाचं ऐकलं जातं, कारण तो समोरच्याच्या जागी उभा राहून आलेला असतो.

आणि काही लोकांच्या भीतीला इतिहास असतो. अमेरिकेत टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी ४० वर्षं सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर अभ्यास चालवला. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता, त्यांना ते सांगितलंच नाही, तुमचं रक्त खराब आहे एवढंच म्हणायचे. पेनिसिलिनने हा रोग बरा होतो हे १९४० च्या दशकातच सगळ्यांना माहीत झालं तरी दिलं नाही, रोग पुढे कसा वाढतो ते बघायचं होतं. ज्या समाजाने हे सोसलंय तो उद्या डॉक्टरकडे संशयाने बघतो तेव्हा त्याला अडाणी म्हणायचं? आधी माफी, मग पारदर्शकता, मग धीर, या क्रमानेच विश्वास परत येतो, आणि वेळ लागतो.

कंपन्यांच्या पैशावर झालेल्या संशोधनाचं काय?

पैसा कंपनीचा म्हणून निष्कर्ष खोटाच असतो असं नाही, औषधांवरचं कितीतरी संशोधन तसंच होतं. पण डोळे उघडे ठेवायला हवेत. सिगारेटने फुप्फुसाचा कॅन्सर होतो याचे भक्कम पुरावे १९५० मध्येच आले होते. त्यानंतर तंबाखू उद्योगाने काही सिद्ध करायचा प्रयत्न केला नाही, फक्त "अजून नक्की नाही, आणखी संशोधन हवं" हे वर्षानुवर्षं म्हणत राहिला. १९६९ च्या एका अंतर्गत टिपणात तर सरळ लिहिलं होतं की शंका हाच आपला माल.

शिसं मिसळलेल्या पेट्रोलचंही तेच. १९२५ मध्ये ॲलिस हॅमिल्टन ही डॉक्टर जाहीरपणे सांगत होती की हे विष हवेत सोडू नका. पण पुढची कितीतरी वर्षं उद्योगाच्या पैशावर काम करणारे संशोधकच या विषयातले तज्ज्ञ मानले गेले आणि ते म्हणायचे शरीरात थोडं शिसं असणं नैसर्गिकच आहे. हे मोडलं क्लेअर पॅटरसनने, आणि तो खरं तर पृथ्वीचं वय मोजत होता. शिशाचं प्रमाण मोजायला गेला की लॅबमधली धूळ, कपडे, केस, सगळीकडून शिसं येऊन आकडे बिघडवायचं, म्हणून त्याने लॅब घासून घासून इतकी स्वच्छ केली की अखेर १९५६ मध्ये पृथ्वीचं वय सुमारे ४५५ कोटी वर्षं हा आकडा मिळाला. मग त्याला प्रश्न पडला, हे एवढं शिसं येतंय कुठून? ग्रीनलंडच्या जुन्या बर्फात पाहिलं तर शिसं अगदी नगण्य, अलीकडच्या थरांत भरपूर. म्हणजे नैसर्गिक वगैरे काही नाही, आपणच ओतलेलं. हे बोलल्यामुळे त्याला कामं गमवावी लागली तरी तो मागे हटला नाही. जगातल्या शेवटच्या देशात, अल्जीरियात, गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल बंद झालं ते २०२१ मध्ये. १९२५ ते २०२१, मधल्या पिढ्यांनी ते श्वासातून घेतलं.

ज्याचा काही उपयोग नाही अशा संशोधनावर लोकांचा पैसा का घालवायचा?

उपयोग आधी कळत नाही म्हणून. १९६० च्या दशकात थॉमस ब्रॉक यलोस्टोनच्या उकळत्या झऱ्यांत कोण जगतं एवढंच बघत होता, तिथे एक जिवाणू मिळाला जो ७० अंशांतही मजेत जगतो. त्याचं उष्णता सोसणारं एंझाइम पुढे पीसीआर तंत्रात कामाला आलं, ज्यावर करोनाच्या टेस्ट झाल्या. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं आपल्यापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात, हे आइनस्टाइनच्या सिद्धांतामुळे आधीच माहीत होतं म्हणून दुरुस्त करता येतं, नाहीतर रोज मोबाइलवरचं ठिकाण दहाएक किलोमीटरने सरकत गेलं असतं. आइनस्टाइनने ते लिहिताना मोबाइल डोळ्यासमोर ठेवला नव्हता.

पण पैसा लोकांचा असेल तर काय केलं ते लोकांना समजेल अशा भाषेत सांगणं हे संशोधकाचं कामच आहे. ते उपकार म्हणून करायचं नसतं.

शोध वाईट नसतो, वापरणारा वाईट असतो. बरोबर?

अर्धंच बरोबर. फ्रिट्झ हाबरने हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवायची रीत काढली, त्यातून रासायनिक खतं आली, आज जगातल्या जवळजवळ निम्म्या लोकांचं अन्न त्यावर उभं आहे असा अंदाज करतात. तोच हाबर पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ ला, बेल्जियममधल्या ईप्रच्या रणभूमीवर क्लोरीनचा हल्ला स्वतः हजर राहून घडवत होता. इथे शोधणारा आणि वापरणारा एकच माणूस आहे, मग हात कुणी झटकायचे?

उलट बाजूही सांगते. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड यांनी हिशोब मांडला की फ्रिज आणि स्प्रेमधले सीएफसी वायू ओझोनचा थर खातायत, उद्योगाने खिल्ली उडवली, पण ते लॅबमध्ये गप्प बसले नाहीत, पत्रकारांशी, लोकप्रतिनिधींशी बोलत राहिले. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं भगदाड मोजलं गेलं आणि दोनच वर्षांत, १९८७ ला, हे वायू कमी करत नेण्याचा मॉन्ट्रियल करार झाला. पुढे जगातल्या सगळ्या देशांनी त्यावर सह्या केल्या आणि थर हळूहळू भरतोय. मला निराश वाटतं तेव्हा मी हे आठवते.

नियम, परवानग्या यात संशोधन अडकून पडतं असं नाही का वाटत?

कधी कधी अडकतं, हो. पण १९६० मध्ये अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाई एका औषधाच्या फाइलवर सही करायला तयार नव्हत्या, पुरावा कमी आहे म्हणून पुन्हा पुन्हा माहिती मागत होत्या, कंपनी तगादा लावत होती. औषध होतं थॅलिडोमाइड. बाकी देशांत गरोदर बायकांनी ते घेतलं आणि १०,००० च्या वर मुलं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली.

सरकारने विज्ञानाला दिशा द्यावी का?

कशावर खर्च करायचा ते ठरवावं, निष्कर्ष काय निघावा ते ठरवू नये. सोव्हिएत संघात जनुकशास्त्र न मानणाऱ्या लायसेन्को या शेतीतज्ज्ञाच्या नादी लागून जनुकशास्त्रालाच बंदी घातली, आणि दुष्काळ संपवायला जगभरचं बियाणं गोळा करणारा निकोलाय व्हॅविलोव्ह १९४३ मध्ये तुरुंगात उपासमारीने गेला. यावर आणखी काही लिहवत नाही.

मी शास्त्रज्ञ नाही. मी काय करू शकते/शकतो?

खूप काही. २००७ मध्ये गॅलेक्सी झू नावाचा प्रकल्प निघाला, सुमारे ९ लाख दीर्घिकांचे फोटो लोकांनी घरबसल्या पाहून त्यांचे आकार नोंदवायचे. त्यात हॅनी व्हॅन आर्केल या डच शाळाशिक्षिकेला एक विचित्र चमकणारा ढग दिसला, तिने विचारलं हे काय आहे, आणि खगोलशास्त्रज्ञांनाही ते माहीत नव्हतं. पुढे हबल दुर्बिणीने त्याचे फोटो काढले.

आणि त्याहून मोठं उदाहरण एड्सच्या रुग्णांचं. ११ ऑक्टोबर १९८८ ला अमेरिकेत औषध खात्याच्या ऑफिसला त्यांनी वेढा घातला, नुसत्या घोषणा दिल्या नाहीत, चाचण्या कशा आखतात, आकडे कसे वाचतात हे सगळं ते स्वतः शिकून आले होते, मरणाच्या दारात असताना. चाचण्यांच्या नियमांत नेमकं काय बदलायला हवं ते त्यांनी मांडलं, आणि पुढच्या काही वर्षांत संशोधनाच्या बैठकांत त्यांना जागा मिळाली.

घरच्या ग्रुपवर खोटे फॉरवर्ड येतात, काय करू?

सगळ्यांसमोर चूक काढू नका, माणूस हट्टाला पेटतो. वेगळा फोन करा आणि आधी विचारा की तुम्हाला यातलं काय पटलं, कशाची काळजी वाटते. बहुतेक वेळा फॉरवर्डच्या मागे खरी भीती असते, कुणाचं तरी आजारपण, डॉक्टरने नीट न बोलल्याचा राग. ते ऐकून घेतल्यावरच तुमचं ऐकलं जाईल.

मूल प्रश्न विचारतं आणि मला उत्तर येत नाही. काय सांगू?

"माहीत नाही, बघूया" असं सांगा आणि खरंच बघा. गार पाण्याच्या ग्लासला बाहेरून थेंब येतात, मुलं विचारतात ग्लास गळतोय का. उत्तर देऊ नका. पाण्यात गडद रंग घाला आणि थांबा. थोड्या वेळाने बाहेरच्या थेंबांना मुलाला बोट लावायला सांगा, बोटाला रंग लागत नाही. मग ते मूल बोटाकडे बघतं, ग्लासकडे बघतं आणि विचारतं, "मग हे पाणी आलं कुठून?"